अठरा ग्रॅम पाणी

साजगाव,
१६ ऑक्टोबर १९८६

प्रिय मुनिरा,

तुझं पत्र येऊन आज बारा दिवस झाले. साजगावाहून कर्जत म्हणजे काही विलायत नाही. सायकलवर टांग मारली असती तरी तोंडी उत्तर सांगून संध्याकाळच्या आत परत आलो असतो. ते केलं नाही. पाच वेळा लिहायला बसलो आणि पाचही कागद चुलीत घातले. हा सहावा. हा तुझ्या हातात पडला, तर तुझ्या पदूभाईला एकदाचं धाडस झालं असं समज.

तू दोन गोष्टी विचारल्यास. पहिली मोठ्या अक्षरांत. गायकर सरांचा मोल दिवस तू यंदा शाळेत पुन्हा सुरू करते आहेस, तर तेवीस तारखेला संध्याकाळी मी पाहुणा म्हणून येईन का? अमेरिकेतले कुणी मास्तरही हाच दिवस पाळतात असं तू मासिकात वाचलंस म्हणे. सर असते तर म्हणाले असते, त्यांना एक कार्ड टाका आणि कळवा की कर्जतला या गोष्टीला बारा वर्षं झाली. दुसरी गोष्ट तू सही करून झाल्यावर, तळाशी, बारीक अक्षरांत लिहिलीस. कोंडाण्याच्या गोमाची मुलगी शकू तुझ्या दहावीच्या वर्गात आहे. विज्ञानात पहिली येते. पण तिनं बाटलीला हात लावला की तुला तिच्या बापाचा हात दिसतो, म्हणून प्रयोगाच्या तासाला तू तिला बाहेर पायरीवर बसवतेस. असला अपमान नको म्हणून दिवाळीनंतर तिचं नाव शाळेतून काढायचं तिच्या आईनं ठरवलंय. हे कळल्यावर ती पोरगी तुझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, माझा बा तवा कारखान्यात नव्हताच. त्याला खोपोलीला पेढे आणाया धाडला व्हता." आणि तू मला विचारतेस, पदूभाई, झाकीर गेला तेव्हा तू तिथं होतास, ही मुलगी खोटं बोलते का? एका शब्दात सांग, म्हणजे काय करायचं ते मी ठरवीन.

उत्तर एका शब्दाचंच आहे, मुनिरा. पण तो शब्द आधी लिहिला तर पुढचं तू वाचणार नाहीस, आणि पुढचं तू वाचायलाच हवंस. म्हणून जरा मागून येतो. मास्तरीण आहेस, फापटपसारा वाचायची सवय असेलच.

तुला ती पहिली संध्याकाळ आठवते का? चौऱ्याहत्तर साल. मी आणि झाकीर मॅट्रिकला, तू सातवीत. तुला कुणी बोलावलं नव्हतं, तरी भावाची शेपूट धरून आलीस आणि मागच्या बाकावर चढून बसलीस. सरांनी फळ्यावर लिहिलं, सहा पूर्णांक शून्य दोन, गुणिले दहाचा तेविसावा घात. मग म्हणाले, आज महिना दहावा, तारीख तेवीस, आणि घड्याळात सहा वाजून दोन मिनिटं होतायत, तेव्हा मुलांनो, आज मोलाचा वाढदिवस. डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे एवढे कण. तीनच वर्षांपूर्वी जगानं मोलाला मीटर आणि किलोच्या पंगतीला बसवलं होतं, आणि आपल्या घरातलं पोर पास झाल्यासारखा सरांना त्याचा आनंद झाला होता. एवढे भाताचे दाणे असते तर पृथ्वीवरची सगळी जमीन झाकून वर देवळांचे कळससुद्धा बुडाले असते, असं त्यांनी सांगितलं. त्यावर झाकीरनं हात वर करून विचारलं, की सर, मग झोडपणीला माणसं कुठून आणायची? सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

आणि मग ते पाणी. अठरा ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल पाणी, म्हणजे जेमतेम दोन घोट. सरांनी प्रत्येकाला ते मोजून प्यायला दिलं, तीर्थासारखं. झाकीरनं ते एका घोटात संपवलं आणि म्हणाला, एवढे मोजून प्यायलो पण तहान काही गेली नाही.

आता एक गोष्ट नीट आठव, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. ते पाणी सर घरून आणायचे. तांब्याच्या तांब्यात, वर ओला फडका बांधून. आणि मोजायचं काचेचं नळकांडंही वेगळं, कोरं, त्या एका दिवसापुरतं त्यांच्या ट्रंकेत ठेवलेलं. प्रयोगशाळेतला थेंब जिभेला लावायचा नाही आणि नाव नसलेली बाटली म्हणजे साप समजायचा, हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं की झाकीर त्यांची नक्कल करायचा. आम्ही सण उचलला. तांब्या तेवढा सरांकडेच राहिला.

बी.एस्सी. होऊन आम्ही दोघं इथल्या प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या कारखान्यात लागलो. लॅबमध्ये तीन माणसं. मी, झाकीर, आणि बाटल्या धुणारा, टाक्यांमधले नमुने आणून देणारा गोमा. गोमा आमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, पण आम्हाला भाऊ म्हणायचा. आमच्या लॅबची एक वाईट खोड होती, आणि ती तिघांचीही होती. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी डकवायचो, फक्त शुद्ध पाण्याच्या बाटलीवर नाही. पाणी सारखं लागायचं, बाटल्या सारख्या बदलायच्या, कोण चिठ्ठ्या लिहीत बसणार. म्हणून ज्या बाटलीवर नाव नाही ते पाणी, असा आमच्यात रिवाज पडला. सरांनी ऐकलं असतं तर छडी घेऊन साजगावात आले असते.

पहिली दोन वर्षं आम्ही त्याच बाटलीतलं पाणी मोजून मोल दिवस केला. बरोबर सहा वाजून दोन मिनिटांनी. गोमालाही अठरा ग्रॅम द्यायचो. तो ते नळकांडं उजेडात धरून बघायचा आणि म्हणायचा, एवढ्याशानं घसा तरी वला व्हतो का? आणि मग स्वतःच तांब्याभर पाणी पिऊन यायचा. कारखान्याच्या त्या वासात आमचा तेवढाच एक पोरकटपणा होता, आणि मला तो फार प्रिय होता.

ब्याऐंशीच्या तेवीस ऑक्टोबरला दुपारी तीन वाजता मी गोमाला खोपोलीला पेढे आणायला पाठवलं.

मी पाठवलं, मुनिरा. झाकीरनं नाही. कामाच्या वेळेत माणसाला खासगी कामाला बाहेर धाडायला बंदी होती. गोमा नको म्हणाला, मागच्या फाटकानं जा असं मीच त्याला सांगितलं. चार वाजता टाकीतला नमुना आणायचा होता, ते गोमाचं काम. तो नाही म्हटल्यावर मीच गेलो. नमुन्याची धुतलेली बाटली सापडेना, म्हणून फळीवरची पाण्याची रिकामी बाटली उचलली आणि तिच्यात नमुना भरून आणला. सायनाइडचा. दिसायला पाणीच. आत येऊन ती टेबलावर ठेवली आणि चिठ्ठी लिहायला खिशातलं पेन काढलं. तेवढ्यात झाकीरनं हाक मारली. फळ्यावर मी तो आकडा पूर्ण लिहिला होता, सहाशे दोन आणि पुढे एकवीस शून्यं, आणि त्यानं मोजून दाखवलं की माझी शून्यं वीसच भरतायत. त्याला असा आनंद झाला होता की विचारू नकोस. मी पेन खिशात टाकलं आणि खडू घेतला. चिठ्ठी मग लिहू म्हटलं. मग कामं आली, फोन आला, शून्यही तसंच राहिलं आणि ती बाटली डोक्यातून गेली. नाव नसलेली बाटली टेबलावर तशीच राहिली. म्हणजे आमच्या रिवाजाप्रमाणे, पाणी.

सहाला झाकीरनं तिच्यातून दोघांसाठी मोजलं. मी फळ्यापाशी होतो. ते राहिलेलं शून्य लिहायला ओळीत जागा नव्हती म्हणून आधीची पुसून जवळजवळ लिहीत होतो. तो म्हणाला, "पदू, सहा वाजून दोन झाले." मी म्हटलं, थांब, एक शून्य राहिलंय. तो थांबला नाही. वेळ गेली तर मोल कसला, असं त्याचं होतं. मी आज हे पत्र लिहितोय तो त्या एका शून्यामुळे.

पुढचं तुला सांगत नाही. तुमच्या घरी चाचींना आम्ही सांगितलं की त्याला त्रास झाला नाही. ते खरं नव्हतं, पण फार वेळही लागला नाही. मी आरडाओरडा केला, फाटकावरची माणसं जीप काढायला धावली. आणि मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो असताना गोमा दारात आला. हातात पेढ्यांचा पुडा. आता जे लिहितो ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. झाकीरचा श्वास अजून चालू होता. आणि मी त्याचं डोकं खाली ठेवून उठलो, गोमाच्या हातातला पुडा घेतला आणि मागच्या सांडपाण्याच्या नाल्यात टाकून आलो. तुझा भाऊ जात होता आणि मला पुड्याची काळजी पडली होती. त्याचं डोकं फरशीवर किती वेळ होतं, ते मला माहीत नाही.

चौकशी चौथ्या दिवशी झाली, कँटीनमध्ये, टेबलं बाजूला सारून. टाकीचा नमुना रोज गोमा आणतो, तेव्हा त्या दिवशीही त्यानंच आणला आणि पाण्याच्या जागी ठेवला, असं साहेबांनी आधीच धरलं होतं. गोमानं सांगितलं, मी नव्हतो, पदूभाऊंनी मला खोपोलीला धाडलं व्हतं. साहेबांनी मला विचारलं, तुम्ही याला बाहेर पाठवलं होतं का? हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, मग नमुना कुणी आणला? आणि गोमा नव्हता म्हटल्यावर लॅबमधला जिवंत असा मी एकटाच उरलो होतो. मी म्हटलं, नाही.

गोमा भांडला नाही. मला विसर पडला असावा असं त्याला खरंच वाटलं. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "पदूभाऊ, आटवा की जरा." मी खाली बघत राहिलो. पोलिसांनीही तेच लिहून नेलं. निष्काळजीपणाचा खटला उभा राहिला नाही, पण त्याच आठवड्यात त्याला कामावरून काढलं. आणि मला, तू पेढे पाठवले होतेस आठवतं, सहा महिन्यांनी लॅबचं प्रमुख केलं. आज आमच्याकडे पाण्याच्या बाटलीवरसुद्धा 'पाणी' अशी चिठ्ठी असते. तो नियम मी केला. माझी शिस्त दाखवायला साहेब बाहेरच्या पाहुण्यांना लॅबमध्ये आणतात.

गायकर सर दफनाला आले होते. परतताना मला बाजूला घेऊन त्यांनी एवढंच विचारलं की पाणी कुठलं होतं, घरचा तांब्या नव्हता का? मी नव्हता म्हटलं. ते म्हणाले, मीच त्या पोराला प्यायला शिकवलं. पुढचं वर्षभर ते मोलाचं नाव काढत नव्हते, आणि मग तेही गेले. बाटली मी ठेवली होती सर, एवढं सांगायला मला त्या वर्षात तीनशे पासष्ट दिवस होते.

आणि तुम्ही. चार वर्षं ईदचा पहिला वाडगा माझ्यापुढे येतो. शकूरचाचा सायकलचं दुकान सोडून उठतात आणि मला गादीवर बसवतात. झाकीरच्या खुंटीवर माझी पिशवी लावायला चाची सांगतात. गेल्या ईदला त्या म्हणाल्या, नमाज झाली की मी तुझ्यासाठी दुवा मागते, माझा एक गेला तरी एक राहिला. मी शीरखुर्मा खाल्ला, मुनिरा. दोनदा मागून खाल्ला. घशाखाली कसा उतरला, हेच मला अजून कळत नाही.

गोमाचं काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल, तुम्हीही विचारलं नसेल. त्याच्या गावात लग्नाच्या पंगतीत पाणी वाढायचा मान त्याचा होता. खांद्यावर हंडा घेऊन तो पंगतीतून असा धावायचा की कुणाचा पेला रिकामा दिसायचा नाही. आता त्याच्या हातचं पाणी कुणी घेत नाही. गेल्या वैशाखात आमच्या लॅबमधल्या कमळ्याच्या बहिणीचं लग्न कोंडाण्याला होतं, तिथं मी हे डोळ्यांनी पाहिलं. पोरंसुद्धा पेल्यावर हात ठेवत होती. गोमा मांडवाच्या कडेला उभा होता. मला पाहिलं तसा तो तांब्या-पेला घेऊन सगळ्या पंगतीतून चालत माझ्यापुढे आला. पेला भरून नुसता पुढे धरला. सगळा मांडव बघत होता. ते पाणी चांगलं आहे हे तिथं छातीवर हात ठेवून सांगू शकणारा माणूस एकच होता, आणि तो मी. मी म्हटलं, तहान नाही.

दुपारचा एक वाजला होता, मुनिरा, वैशाखातला.

तुझं पत्र वाचलं तेव्हा मला ती पायरी दिसायला लागली. आपल्याच शाळेतली, प्रयोगशाळेच्या दारातली, डाव्या कोपऱ्याला टवका उडालेली. झाकीर आणि मी तिथं बसून डबा खायचो. तिच्यावर ती पोरगी वही घेऊन बसलीय, आणि आतला प्रयोग कानांनी शिकतेय. मी चार वर्षं गोमाला विसरायचा प्रयत्न केला, तो बऱ्यापैकी जमलाही होता. हे मात्र जमेना. बापाला तोंडघशी पाडलं ते पाडलं, आता मुलीलाही मी बाहेर बसवलं. तुझा त्यात दोष नाही. तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास.

गेल्या रविवारी कोंडाण्याला गेलो. भात पिवळं झालंय, कापणीला माणसं लागलीत. गोमा अंगणात विळा पाजवत होता. त्याची बायको मला पाहून आत निघून गेली. मी उभ्या उभ्या सगळं बोललो, बाटली, चिठ्ठी, पुडा, सगळं. ते त्याला मी सांगायच्या आधीच माहीत होतं, बाटली आणि चिठ्ठीचं सोडून. तेही त्यानं ओळखलं असावं. ऐकून त्यानं अंगठ्यानं विळ्याची धार पाहिली. मग मी म्हटलं, गोमा, पाणी दे. तो उठला, आत गेला, तांब्या घेऊन आला. आणि तो माझ्या हातात देण्याआधी थांबून म्हणाला, "मोजून देऊ का, पदूभाऊ?"

मी तांब्या घेऊन तिथंच पाणी प्यायलो. सगळं. शेजारची दोन माणसं कुडाआडून बघत होती. गोमानं रिकामा तांब्या उचलला आणि मला म्हणाला, "माजं जाऊ द्या. पोरीचं बगा." मला माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मी विचारलंही नाही.

तर आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. आज सकाळी मी साहेबांना माझा लेखी जबाब दिला, त्याची एक प्रत खालापूरच्या पोलीस ठाण्यात दिली. तिथं काय व्हायचं ते होवो. पण तो कागद तुमच्या घरी पोलिसांकडून किंवा गावाच्या तोंडून यायच्या आत, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला माझ्या हातानं मिळायला हवं होतं. चाची-चाचांना हे पत्र तू वाचून दाखव. मला ते समोर बसून सांगता येणार नाही, तेवढी माझी छाती नाही. झाकीरच्या खुंटीवरची माझी पिशवी काढून टाक. तेवीस तारखेला मोल दिवस कर, बंद पाडू नकोस, झाकीरला ते आवडलं नसतं. पाणी मात्र घरून ने, तांब्यातून, वर फडका बांधून. आणि ते मोजून द्यायला शकूला उभी कर, सगळ्यांदेखत, पहिला पेला तू घे. मी येईन. पाहुणा म्हणून नाही. सहा वाजून दोन मिनिटं होतील तेव्हा मी बाहेर त्या पायरीवर बसलेला असेन. पोरांना जे सांगायचं ते तू बोलावलंस तर आत येऊन सांगेन, नाही बोलावलंस तर तसाच उठून जाईन.

तू विचारलं होतंस, ही मुलगी खोटं बोलते का. नाही. चौकशीत दिला होता तोच शब्द आहे, या वेळी खरा आहे.

तुझा, तू हा शब्द खोडेपर्यंत तरी,
पदू